रायफलसाठी घरी कोणते पाने-पेचकस ठेवावेत?

मीनल_धरमपेठ

नमस्कार मंडळी. माझी मुलगी दहा मीटर एअर रायफल खेळते. यंदा क्लबच्या रायफलीवरून ती स्वतःच्या रायफलीवर आली. जर्मन बनावटीची, जुनी पण चांगली राखलेली, २०० बार दाबाच्या हवेच्या सिलेंडरवर चालणारी आहे. पोरीची उंची भराभर वाढतेय, त्यामुळे बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग), चीकपीस (गालाला टेकणारा), हँडस्टॉप (पुढच्या हाताला अडवणारा) सारखं हलवावं लागतं. दर वेळी सरांकडे पाना मागायला जायचं म्हणजे त्यांचाही सराव थांबतो.

घेतल्या घेतल्या एका ओळखीच्या मेकॅनिककडून चीकपीस वर करून घेतलं. त्याने जाडजूड पेचकस लावला, तो निसटला आणि स्क्रूची खाच एका बाजूने खाल्ली गेली. शिवाय स्टॉकवर, म्हणजे दस्त्यावर, बोटभर ओरखडा. त्या दिवशी ठरवलं की हे काम घरीच शिकायचं.

शोधायला गेले तर यूट्यूबवर सगळे अमेरिकन व्हिडिओ. गॅरेजमध्ये सेमी-ऑटोमॅटिक रायफल अख्खी उघडून बसलेली माणसं आणि मागे भिंतभर अवजारं. पंच सेट, पितळी हातोडी, व्हाइस ब्लॉक, तीन प्रकारचे टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरावरच आवळणारे पाने). यातलं आपल्याला खरंच काय लागतं? काय नागपुरात मिळेल, काय मागवावं लागेल? आणि घरी काय उघडावं, कशाला हात लावू नये, हेही सांगा.

राजेहो

ताई, थे व्हिडिओ पाहून सामान बोलावू नका. त्या माणसाच्या भितीवर जेवढे पाने टांगून हायेत तेवढे आमच्या कॉटन मार्केटच्या गॅरेजमधी बी नाही. पोरीच्या रायफलीले चार-पाच वस्तू पुरतात. टूलरूमवाले काका सांगतीनच. थे आले का धागा शंभरावर जाते.

टूलरूमवाला

आलो. मीनलताई, माझी सगळी नोकरी अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत टूलरूमला झाली. तुमच्या स्क्रूचं काय झालं ते न पाहता सांगू शकतो.

बाजारातल्या साध्या पेचकसाचं पातं टोकाकडे निमुळतं असतं. खाचेच्या भिंती मात्र सरळ उभ्या. म्हणजे पातं खाचेच्या फक्त वरच्या कडेला टेकतं, खाली पोकळ. जोर दिला की ते स्वतःच वर सरकतं आणि निसटताना कड घेऊन जातं. बंदुकीच्या कामाच्या पेचकसाच्या पात्याच्या दोन्ही बाजू टोकाशी समांतर घासलेल्या असतात. पातं खाचेच्या तळापर्यंत बसतं आणि जोर सगळ्या भिंतीवर वाटला जातो. रुंदी स्क्रूच्या डोक्याइतकी हवी, जास्त असली तर लाकडाला लागते, कमी असली तर खाच मरते. बसवून हात सोडला तरी पेचकस उभा राहिला, हलला नाही, तर तो बरोबर.

असे बिट सेटमध्ये मिळतात. पण तुमच्याकडे खाचेचे स्क्रू दोन-चारच असतील. चांगल्या पोलादाचा पेचकस घेऊन ऑइलस्टोनवर पातं घासून मापाला आणता येतं. ग्राइंडरवर धरू नका, टोक निळं पडलं की पाणी उतरलं समजा.

बाकी जर्मन रायफलीवर बहुतेक सगळं अॅलन कीचं काम. मिलिमीटरचा सेट घ्या, दीड ते सहा. इंची की कुठेही जवळपास बसते आणि डोकं गोल करून टाकते. गोळा टोकाची अॅलन की वाकड्या जागेतून सैल करायला सोयीची, पण शेवटचा आवळा सरळ टोकानेच. इतवारीत लोहा ओळीत फिरलात तर टपारियाचा सेट कुठेही मिळेल, आपल्या नाशिकचीच कंपनी. की जुनी झाली की टोक गोलसर होतं, तेव्हा ती फेकायची. स्क्रू महाग, की स्वस्त.

टॉर्क रेंचची गरज नाही. हाताला कळतं.

नेम_धरून

काकांचा पेचकसावरचा शब्द न् शब्द खरा. शेवटच्या ओळीशी मात्र भांडण आहे.

काकांच्या हाताला कळतं, कारण तो हात टूलरूममध्ये तयार झालाय. चौदा वर्षांच्या मुलीच्या हाताला कसं कळेल? दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पात्रता फेरीत ६० शॉट, गुण दशांशात, म्हणजे जास्तीत जास्त ६५४. तिथे अॅक्शन, म्हणजे रायफलीचा यांत्रिक भाग, स्टॉकमध्ये कमी-जास्त आवळली गेली की ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, सरकतो, आणि मुलीला वाटतं आपलाच नेम बिघडला. मग ती डायॉप्टरचे, म्हणजे नेम धरायच्या मागच्या साइटचे, क्लिक फिरवत बसते. बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळले की निदान ती शंका मनातून जाते. मी पॉइंट टू टू बोरची रायफल खेळतो. माझे स्टॉकचे बोल्ट कायम ५ न्यूटन मीटरवर. तुमच्या रायफलीचा आकडा तिच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

आणि यादीत कोणी लिहीत नाही त्या दोन वस्तू आधी घ्या: सहा इंची स्टीलची पट्टी आणि एक वही. बट प्लेटची उंची, लांबी, कोन, चीकपीस कुठल्या रेघेवर, हँडस्टॉप कितव्या खाचेवर, सगळं तारखेसकट लिहायचं. हलवण्याआधी फोटो काढायचा. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने स्पर्धेच्या आदल्या रात्री तीन गोष्टी एकदम बदलल्या. सकाळी सगळं मूळ जागी आणायचं होतं, पण मूळ जागा कोणती हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

सायकलस्वार

टॉर्क रेंचबद्दल थोडं. कार्बन फ्रेमच्या सायकलींमुळे छोटे टॉर्क रेंच आता सहज मिळतात, २ ते २० न्यूटन मीटरचे. पण क्लिकवाला रेंच त्याच्या पल्ल्याच्या तळाशी फारसा भरवशाचा नसतो. ५ साठी ठीक, २ साठी नको. स्कोपच्या रिंगांचे स्क्रू साधारण दोनच्या आसपास असतात, त्याला छोटा वेगळा लागतो. एअर रायफलला स्कोप नाहीच, त्यामुळे तुम्हाला एकच पुरेल.

काम झालं की रेंच सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग बसते. आणि कधीही सैल करायला वापरू नका.

टूलरूमवाला

@नेम_धरून, पोरीच्या हाताचा मुद्दा पटला. घ्या टॉर्क रेंच. पण आधी दोन बोटांनी बोल्ट शेवटपर्यंत फिरवून पाहायला शिकवा. आटा उलटा चढला तर रेंच कुठलाही आकडा दाखवून क्लिक करेल आणि अॅल्युमिनियमचा आटा जाईल.

ऑस्टिनकर

मूळचा लक्ष्मीनगरचा, आता टेक्सासमध्ये. मीनलताईंनी पाहिलेल्या व्हिडिओतलं काम मी स्वतः करतो, तेव्हा त्या भिंतीवर काय असतं ते सांगतो.

माझ्याकडे एआर-१५ ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल आहे. ही रायफल सुटे भाग जोडून तयार होते, म्हणून तिला इतकी अवजारं. बरेच भाग पोकळ गुंडाळलेल्या पिनांवर अडकवलेले. त्या काढायला टोकाला छोटा उंचवटा असलेला पंच लागतो. सपाट पंचाने पिनेचं तोंड चेपतं. ठोकायला पितळी किंवा नायलॉन डोक्याची हातोडी, म्हणजे निसटली तरी अॅल्युमिनियमला खोक पडत नाही. रायफल व्हाइसमध्ये थेट आवळता येत नाही, रिसीव्हर चेपतो, म्हणून आतून आधार देणारा ब्लॉक. नळीचा नट ३० ते ८० फूट-पाउंडला, म्हणजे ४१ ते १०८ न्यूटन मीटरच्या दरम्यान आवळतात, तिथे सायकलचा रेंच काय करणार. नळी किंवा बोल्ट बदलला तर हेडस्पेस, म्हणजे काडतूस बसायची जागा, मापात आहे का ते तपासायला गो आणि नो-गो गेज. हे गेज टाळून कोणी गोळी झाडू नये, कारण काडतूस फुटलं तर तोंडापासून चार इंचांवर फुटतं.

म्हणजे ती सगळी भिंत त्या एका प्रकारच्या रायफलीसाठी आहे. एअर रायफलीत यातलं काहीच लागत नाही. इथेही माझ्या ओळखीचे बहुतेक जण पंच सेट, पितळी हातोडी आणि एक बरा टॉर्क रेंच यांवर वर्षानुवर्षं काढतात. बाकीचं हौसेचं.

इथे येणाऱ्या आपल्या मुलांसाठी एक सांगतो. संघीय कायद्याने एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर बंदूक बाळगता येत नाही, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत. मित्राची रायफल रेंजवर हातात घेण्याआधीही नीट चौकशी करा. मी नागरिकत्व मिळाल्यावरच घेतली.

कोथरूडचा_पाहुणा

मस्त माहिती. आपल्याकडे परवाना असलेल्याने घरी असं काम केलं तर? आजोबांची बाराबोर आहे, घोडा थोडा अडकतो. व्हिडिओ पाहून घासावा म्हणतो.

वकील_सदर

पाहुणे, घासू नका.

आर्म्स अॅक्ट १९५९, कलम ५. बंदूक बनवणं, विकणं, रूपांतर करणं यासोबतच दुरुस्त करणं आणि चाचणी घेणं यालाही वेगळा परवाना लागतो. बाळगण्याचा परवाना वेगळा, दुरुस्तीचा वेगळा. नळी आखूड करणं कलम ६ मध्ये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडल्याची शिक्षा किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी आहे. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या बंदुकांची मर्यादा ३ वरून २ वर आली, तेव्हा आजोबांच्या नावावर किती आहेत तेही पाहा. साफसफाई, तेलपाणी खुशाल करा. घोडा अडकत असेल तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे, परवान्याच्या पुस्तकासह.

ऑस्टिनकर करतात तसं काम इथे संभवतच नाही. सेमी-ऑटोमॅटिक रायफल आपल्याकडे सर्वसामान्य परवान्यावर मिळत नाही. घरी तिच्यावर काम करणं तर दूरच.

मीनलताई, तुमचं वेगळं आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे ४.५ मिमीपर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल परवान्यातून मोकळी आहे. फक्त व्हॉल्व्ह किंवा स्प्रिंग बदलून ताकद वाढवण्याच्या भानगडीत पडू नका. २० ज्यूल ओलांडले की ती सूट गेली.

नेम_धरून

वकीलसाहेबांना जोड. स्पर्धेच्या एअर रायफलीची ऊर्जा जेमतेम साडेसात ज्यूल असते. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. ताकद वाढवून दहा मीटरवर काडीचा फायदा नाही. आणि सेमी-ऑटोची हौस असलेल्यांसाठी, ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफलमध्ये एकेक गोळी भरायचीच रायफल चालते. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून) कांस्य घेतलं, ते एकेक गोळी हाताने भरून, ४५१.४ गुण.

राजेहो

आन् नोकरी रेल्वेत! तवा आमच्या अजनीच्या रेल्वे कॉलनीत पेढे वाटले होते. पोरगा कोल्हापूरचा, पर रेल्वेचा म्हून आमचा बी.

कोथरूडचा_पाहुणा

धन्यवाद वकीलसाहेब, घरी माझ्या काकांना फोन करून थांबवलं. ते ऑलरेडी कानस घेऊन बसले होते.

सिलेंडर_आणि_मी

ताईंच्या शेवटच्या प्रश्नाकडे, कशाला हात लावू नये. पहिलं उत्तर सिलेंडर. २०० बार म्हणजे तुमच्या कारच्या टायरच्या जवळपास शंभर पट दाब.

रायफलीच्या सिलेंडरवर तारीख कोरलेली असते. मुदत पाळणं ही नियमाने खेळाडूची जबाबदारी आहे आणि स्पर्धेत तपासणीला अडवू शकतात. तुमची जुनी आहे म्हणता, तर आजच चष्मा लावून तारीख वाचा. संपली असेल तर दुसरा सिलेंडर घ्या, जुन्याला टेकू देत बसू नका. भरायला मोठा सिलेंडर वापरत असाल तर त्याच्या गळ्यावर जलदाब चाचणीची तारीख ठोकलेली असते, तीही पाहा. या सगळ्याचं नियमन करणारी केंद्र सरकारची संस्था पेसो, तिचं देशाचं मुख्यालय आपल्याच नागपुरात, सेमिनरी हिल्सवर आहे.

रायफल कारमध्ये ठेवून लग्नाला जाऊ नका. मे महिन्यात बाहेर ४५ असतं तेव्हा बंद गाडीत काय होतं ते सीटबेल्टचं बक्कल लागलेल्यांना माहीत आहे. सिलेंडरचं कमाल तापमान मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. प्रवासात सिलेंडर रायफलीवरून काढून ठेवा.

हातपंप वापरत असाल तर पावसाळ्यात हवेतला ओलावा थेट आत जातो. पंपाला सिलिका जेलचा फिल्टर लावा आणि दाणे रंग बदलले की बदला. ओ-रिंगला शुद्ध सिलिकॉन ग्रीसच. पेट्रोलियमचं तेल किंवा ग्रीस दाबाच्या हवेजवळ नको, पेट घेऊ शकतं. आणि दाब असताना कुठलाही जोड सैल करायचा नाही, पाव आटासुद्धा नाही.

नेम_धरून

दुसरं उत्तर ट्रिगर. बाहेरून फिरवायचे स्क्रू मॅन्युअलमध्ये दाखवलेले असतात, पहिल्या टप्प्याचं वजन, दुसऱ्याचं, प्रवास. ते फिरवा, पाव-पाव वळसा, लिहून. आतला डबा उघडायचा नाही. त्यातल्या धारा मायक्रॉनमध्ये घासलेल्या असतात, घरी पॉलिश केली की रायफल हात न लावता सुटू शकते.

टूलरूमवाला

शंभर टक्के. आमच्याकडे अशा धारा घासणाऱ्याला दुसरं काम देत नसत.

माही_बापट

नळी कशाने साफ करायची? मी लोखंडी गज आणि थ्री-इन-वन तेल वापरते. बाबांची पद्धत.

नेम_धरून

माही, गज आजच बंद. उघडा लोखंडी गज नळीच्या तोंडाशी, क्राउनला घासतो. छर्रा बाहेर पडताना शेवटचं ज्याला शिवतो ती कड. तिथे केसाइतका ओरखडा आला तरी एका बाजूने हवा आधी सुटते आणि ग्रुप फाटतो.

दोन रस्ते. एक, फेल्टचे छर्रे. प्रीचार्ज्ड, म्हणजे सिलेंडरच्या, रायफलीत ते झाडता येतात. स्प्रिंगच्या रायफलीत एकटा फेल्ट झाडू नका, समोर अडथळा नसला की पिस्टन धाडकन आपटतो. दोन, प्लास्टिकचं आवरण असलेली ओढायची दोरी, कापडाचा तुकडा लावून. दोन्ही वेळा दिशा मागून पुढे, छर्रा जातो तशी. थ्री-इन-वन नको. स्प्रिंगच्या रायफलीत तेल दाबाखाली पेटतं, फट्ट आवाज येतो आणि सील जळतं. आणि रोज साफ करायची गरज नाही, ग्रुप उघडायला लागला की करा.

माही_बापट

तो फट्ट आवाज मला ताकदीचा वाटायचा! दोरी मागवते.

डॉ_महाल

साफसफाईचा विषय निघालाच आहे तर: छर्रे शिशाचे असतात. कापडावर येतो तो करडा थर शिसंच. मुलांनी छर्रे तोंडात धरायचे नाहीत, मी रेंजवर हे पाहिलं आहे. सरावानंतर साबणाने हात धुऊन मगच जेवणाचा डबा उघडायचा. साफ करायचं टेबल जेवणाचं नको, खाली वर्तमानपत्र पसरून ते नंतर फेकून द्या. वाढत्या वयात शिशाचा परिणाम मेंदूवर होतो, यात सूट देऊ नका.

राजेहो

एक गोष्ट कोनीच नाही सांगितली. उन्हाळ्यात रायफल कुलरच्या खोलीत ठेवू नका. कुलर अख्खी रात्र पाणी फेकून रायते, सकाळी कपाटातले पापड बी नरम. आमच्या भाच्याच्या रायफलीच्या स्क्रूवर असाच मे महिन्यात गंज चढला. पावसाळा तर अजून याचाच होता!

टूलरूमवाला

राजेहो बरोबर बोलला. पेटीतला स्पंज ओल धरून ठेवतो. कुलर चालतो त्या खोलीत पेटी बंद करून ठेवायची असेल तर आत सिलिका जेलच्या पिशव्या टाका, आठवड्यातून एकदा पेटी उघडून कोरड्या खोलीत हवा द्या. घामेजल्या हातांचे ठसे स्टीलवर राहतात तिथूनच गंज सुरू होतो, म्हणून पेटीत घालण्याआधी किंचित तेल लावलेल्या फडक्याने उघडं स्टील पुसायचं. दाबाचे जोड सोडून.

मीनल_धरमपेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी लेकीला घेऊन लोहा ओळीत गेले. मिलिमीटरचा अॅलन सेट, एक पेचकस, ऑइलस्टोन घेतला. २ ते २० चा टॉर्क रेंच सायकलच्या दुकानात मिळाला. ओढायची दोरी, फेल्ट आणि सिलिकॉन ग्रीस मागवलंय. पट्टी आणि वही घरचीच. पंच सेट, हातोडी, व्हाइस यादीतून काढले.

सिलेंडरची तारीख वाचली. पुढच्या मार्चपर्यंत आहे, तेव्हा नव्याची चौकशी आतापासून सुरू. पेटी कुलरच्या खोलीतून हलवली.

लेकीने वहीत पहिल्या पानावर सगळी मापं लिहून काढली आणि चीकपीस स्वतः दोन मिलिमीटर वर केलं. आता अडलंय एकच. तो खाल्लेला स्क्रू अजून तिथेच आहे. नवीन जर्मनीहून मागवावा लागेल का? खाचेच्या एका बाजूला पेचकस धरतच नाही.

टूलरूमवाला

मागवू नका अजून. तो मेट्रिक आट्याचाच असेल, एम४ किंवा एम५. व्हर्नियरने व्यास मोजा आणि जुना स्क्रू नमुन्याला घेऊन जा, त्याच मापाचा अॅलन डोक्याचा स्क्रू इतवारीत सुटा मिळेल. डोक्याचा आकार मात्र तोच हवा, खाली शंकूसारखा उतरता असेल तर उतरताच. काढायला खाचेच्या चांगल्या बाजूने, वरून तळहाताने दाब देत, हळू. ऐकला नाही तर रायफल घेऊन या, अंबाझरी टी-पॉइंटजवळ राहतो, व्यक्तिगत निरोपात पत्ता देतो. सिलेंडर घरी ठेवून या.

राजेहो

ताई, जाच. काकांच्या घरी चहाबी चांगला भेटते.